गारांखालची पिन

माझ्या आईचा लोखंडावर फार विश्वास आहे. गारा पडायला लागल्या की घरातली हाताला येईल ती लोखंडी वस्तू अंगणात फेकायची, म्हणजे गारा थांबतात, असं ती मानते. तिची आई मानायची, तिची आजी मानायची, त्यामुळं यात वादाला जागा नाही. बहुतेक वेळा ती चुलीवरचा तवा फेकते. शेवगावच्या आमच्या या बाजूला पाऊसच हात राखून पडतो, गारा कुठल्या रोज यायला. तवा फेकायचा हा कार्यक्रम मी उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा पाहिला असेल आणि प्रत्येक वेळी हसलो असेन. गेल्या मार्चमध्ये मात्र मला हसू आलं नाही. त्या दिवशी आईनं तवा फेकला नाही, माझ्या ट्रॅक्टरची पिन फेकली.

त्या दिवशी माझी लेक बाळ घेऊन घरी यायची होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. नगरच्या दवाखान्यात सिझर झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. बायको लेकीजवळ दवाखान्यात होती. जावई शिर्डीला एका हॉटेलात मॅनेजर आहेत, ते सुट्टी काढून स्वतःची गाडी घेऊन आले होते. घरी राहिलो मी, आई आणि चार गाई. दुपारी दोनच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

"कागदं झाली सगळी. घंट्याभरात निघतोय. हळूहळू येऊ, टाक्याला हिसका नको बसाया. पाच-साडेपाच व्हतील. खोलीत शेगडी पेटवून ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो.

"आन वाट?"

"वाट केलीय. ओट्यापर्यंत गाडी येईल."

ती फक्त "बरं" म्हणाली. या "बरं"च्या मागं काय आहे ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून आत चारेकशे पावलांवर आहे. वाट दोन शेतांच्या बांधांमधून येते, बाजूच्या रानापेक्षा हातभर खोल, आणि मधोमध एक लवण आहे, म्हणजे सखल जागा. आजूबाजूचं सगळं पाणी तिथं येऊन बसतं. सव्वीस वर्षांपूर्वी माझी हीच लेक जन्मली तेव्हा मी ट्रकवर होतो. वीस वर्षं मी ट्रक चालवला. त्या वेळी माल घेऊन कोइमतूरला गेलो होतो, आणि तेव्हा मोबाईल नव्हते. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं, तालुक्याच्या दवाखान्यात. घरी आणायला जीप केली, पण भर पावसाळ्याचे दिवस. जीपवाल्यानं लवण पाहिलं आणि पुढं यायला नकार दिला. मग पाच दिवसांची ओली बाळंतीण पोटाशी पोर धरून त्या गार चिखलातून चालत आली. चप्पल चिखलात रुतायला लागली म्हणून तीही हातात घेतली. मी घरी पोचलो ते तेराव्या दिवशी. बारसं उरकलं होतं, घुगऱ्यासुद्धा संपल्या होत्या.

तेव्हापासून थंडी पडली की बायकोच्या टाचा ठणकतात. डॉक्टर म्हणतात कॅल्शियम कमी आहे. आई म्हणते, "वली बाळंतीन गारठ्यातून चालली, दुसरं काय व्हनार." मी डॉक्टरांच्या बाजूनं राहायचा फार प्रयत्न करतो. बायको स्वतः कधी काही बोललेली नाही. संध्याकाळी पाय पसरून टाचांना तेल चोळत बसते, एवढंच. पण ती तेलाची वाटी दिसली की मला त्या खोलीत बसवत नाही, काहीतरी काम काढून मी गोठ्यात जातो. लेकीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, तिचा पाय घराच्या उंबऱ्याआधी कुठंही जमिनीला लागू द्यायचा नाही, हे मी तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच ठरवलं होतं.

त्यासाठी आठ दिवस आधी ट्रॅक्टरला फळी जोडून सगळी वाट सारखी करून घेतली. फळी म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं लावायचं आडवं लोखंडी पातं. खाली दोन बाजूंना ते दांड्यांत अडकतं आणि वर मधोमध एक दांडा असतो, टॉपलिंक, त्यात अंगठ्याएवढी जाड पिन. ही वरची पिन नसली की फळी मान टाकते, कामाची राहत नाही. काम झाल्यावर मी फळी सोडून ठेवली, पिन डिझेलनं धुतली, ग्रीस लावलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात कागदावर ठेवली. ट्रकवाल्याच्या सवयी. माझी वस्तू जागच्या जागी आणि धुतलेली असते, याचा मला थोडा गर्वच आहे. आई त्याला वेगळं नाव देते.

अडीचच्या सुमाराला वारा सुटला. आभाळ बघता बघता निळंकाळं झालं. मी गाई आत घ्यायला पळालो. चौथी गाय बांधेपर्यंत पत्र्यावर पहिली गार वाजली, आणि मग एवढा आवाज सुरू झाला की मला माझाच आवाज ऐकू येईना. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. वीस मिनिटं मी गोठ्यात गाईंच्या मध्ये उभा होतो. गारांच्या मागोमाग पाऊसही कोसळला आणि थांबला. एकदम सगळं शांत झालं आणि ऊन पडलं.

बाहेर येऊन पाहिलं तर आमचं अंगण मला ओळखू येईना. सगळीकडे पांढरंच पांढरं. मी ट्रक घेऊन उत्तरेकडे कितीतरी वेळा गेलोय, पण बर्फ कधी पायाखाली आलं नव्हतं. ते असं घरी बसून यावं. अंगणात नडगीपर्यंत थर होता. वाटेत तर कमालच झाली होती. दोन्ही रानांतल्या गारा पावसाच्या पाण्याबरोबर वाहून त्या खोल वाटेत उतरल्या होत्या आणि लवणात माझ्या कमरेइतका ढीग साचला होता. त्यात चिखल, बाभळीच्या फांद्या, कांद्याची तुटलेली पात. पाय टाकला की करकर आवाज करत खाली जायचा आणि खालचं पाणी बुटात शिरायचं. एक खोरं भरून उचललं तर खांद्यात कळ आली, इतकं ते जड.

फोन काढला, रेंज नाही. टॉवरचा जीव वाऱ्यातच गेला असणार. म्हणजे गाडी निघाली असेल तर आता थांबवता येणार नाही. ते येणार, डांबरी रस्त्यावर उभे राहणार, आणि पुढं ही वाट. सिझर झालेल्या पोरीला ट्रॅक्टरवर बसवता येत नाही. बाजेवर घालून आणायचं म्हटलं तर खांद्याला चार गडी लागतात, आणि शेजारच्या वस्त्यांवर प्रत्येकजण आपापले पत्रे शोधत होता. घड्याळात तीन वाजले होते.

मनाशी म्हटलं, घाबरायचं काही कारण नाही, फळी आहे. ट्रॅक्टर गोठ्याजवळ शेडमध्ये, फळी त्याच्या मागंच. ट्रॅक्टर मागं घेतला, खालच्या दोन बाजू अडकवल्या आणि पिन घ्यायला ओट्यावर आलो. कागद होता. कागदावर ग्रीसचा डाग होता. पिन नव्हती.

आई दारात उभी राहून समाधानानं अंगणाकडे बघत होती.

"आई, हितली पिन कुठंय?"

"कंची?"

"लोखंडाची. कागदावर हुती ती."

"ती व्हय," आई म्हणाली. "ती टाकली अंगनात. थांबल्या का न्हाई गारा?"

माझं डोकं सटकलं ते इथं. मी रागीट आहे हे सगळ्या वस्तीला माहीत आहे, पण आईवर मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"तवा टाकायचा ना. तवा टाकतीस ना दर येळंला?"

"तवा कसा टाकू? तव्यावर पोरीचा ववा भाजत हुता. करपून दिला आसता का?"

बाळंतिणीच्या धुरीला लागणारा ओवा तव्यावर होता, म्हणून तवा सुटला. हाताशी दुसरं लोखंड काय, तर मी स्वच्छ धुऊन, ग्रीस लावून, अगदी तिच्या हाताजवळ ठेवलेली पिन. आता गारा काढायला फळी हवी, फळीला पिन हवी आणि पिन गारांखाली. हे कोडं घालायला माझी आईच लागते.

"आन थांबल्या कवा?" मी विचारलं. "वीस मिन्टांनी."

"न्हाईतर तास पडल्या आसत्या," ती म्हणाली.

पिनेच्या जागी दुसरं काहीतरी चालवायचं ठरवलं. पहार जाड पडली. नांगराचा एक बोल्ट बसला, थोडा बारीक होता, पण बसला. मी ट्रॅक्टर अंगणात आणला आणि पहिल्याच ढिगाला फळी लावली. कट्ट आवाज झाला आणि फळी मान टाकून मागं लोंबायला लागली. बोल्ट मधोमध वाकून केळ्यासारखा झाला होता. खोऱ्यात जड लागल्या होत्या तरी त्या ओल्या गारांचं वजन मी पांढरा रंग बघून धरलं होतं, चूक माझी होती. साडेतीन होत आले.

मग खोरं घेऊन अंगण उकरायला सुरुवात केली. अंगण काही लहान नाही, आणि आई ओट्यावरून सांगत होती, "तितं न्हाई. आलीकडं. न्हाई न्हाई, पलीकडं." दहा मिनिटांत मला नगरची अख्खी बाजारपेठ उकरल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी मी खोरं टेकवलं आणि तिला म्हणालो, "तू एक काम कर. मघाशी जितं उबी राहून टाकली तितंच उबी राहा, आन तशीच पुन्हा टाक."

"काय टाकू?"

मी इकडं-तिकडं पाहिलं. जड वस्तू टाकली तर तीही गारांत बुडायची आणि मग दोन वस्तू शोधाव्या लागायच्या. मी पायातली चप्पल काढून तिच्या हातात दिली. बुटात पाणी गेल्यावर मी नुकतीच चप्पल घातली होती.

आईनं चप्पल घेतली. दारात जाऊन उभी राहिली, पदर खोचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मनापासून फेकली. माझी चप्पल एवढ्या आनंदानं कोणी फेकेल असं मला वाटलं नव्हतं. ती तुळशीच्या पलीकडे, मी उकरत होतो त्याच्या बरोबर उलट्या दिशेला जाऊन पडली.

"तितं गेली हुती," आई म्हणाली. "आता आठवलं."

मी जाईपर्यंत ती स्वतः उतरून तिथं गेली. खोऱ्यानं पिन आणखी कुठं ढकलली जाईल म्हणून तिनं हातानंच उकरायला घेतलं. मी म्हणालो हात काढ, मी बघतो, तर म्हणाली, "मी टाकलीय, मीच काढनार." दोघं गुडघ्यावर बसून उकरत होतो. बोटांना आधी कळा आल्या, मग बोटं आहेत का नाहीत तेच कळेना. चपलेपासून वीतभर अंतरावर तिच्या हाताला काहीतरी कठीण लागलं. तिनं पिन वर काढली, लुगड्याला पुसली आणि माझ्या हातात दिली. एवढ्यात माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. सत्याहत्तर वर्षांची बाई गारांत गुडघे टेकून बसली होती आणि मी मघाशी तिच्यावर ओरडलो होतो.

फळी जोडली तेव्हा चार वाजून गेले होते.

सुरुवातीला मी नेहमीसारखा सरळ पुढं गेलो, फळी मागून ओढत. त्यानं काही होईना. ट्रॅक्टरची चाकं आधी गारा चेपत होती आणि चेपलेल्या थरावरून फळी नुसती घसरत होती. शेवटी उलटं करायचं ठरवलं. ट्रॅक्टर फिरवला आणि फळी पुढं ठेवून रिव्हर्समध्ये ढकलत निघालो. फळीसमोर गारांचा ढीग जमायचा, मग तिरपं करून तो बांधाला लावायचा, थोडं पुढं यायचं, पुन्हा मागं. चारशे पावलं मान मागं वळवून. ट्रकच्या वीस वर्षांत मी गोदामांच्या बोळांतून, साखर कारखान्यांच्या फाटकांतून लांबच्या लांब गाडी मागं घेतलेली आहे. त्या कामाचा मला कंटाळा यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं आपण ते शिकलो.

फळी जमिनीत घुसली तर काळी माती उघडी पडून गाडी रुतणार, आणि फार वर राहिली तर गारांचा थर राहून गाडी घसरणार. मला बसल्या जागेवरून फळीचा खालचा काठ दिसत नव्हता. मी थांबून थांबून उतरून बघत होतो. तिसऱ्यांदा उतरायला लागलो तर पाठीमागून आवाज आला.

"येऊ दे. येऊ दे. आजून येऊ दे."

आई काठी घेऊन वाटेच्या कडेनं, बांधावर चढून चालली होती. फळीकडं बघत हातानं खुणा करत होती. अगदी क्लीनर गाडी मागं घेताना करतो तसं. हे तिनं कुठं पाहिलं असेल कोण जाणे. मी ट्रक घेऊन वस्तीवर यायचो तेव्हा माझा क्लीनर इथंच, याच वाटेवर ओरडायचा, ते लक्षात राहिलं असेल.

"वर घे चार बोटं. हां. बास. आता येऊ दे."

मी तिच्या हाताकडं बघून फळी वर-खाली करत होतो. ती एकदाही चुकली नाही. एकदा मी तिचं न ऐकता जरा खाली घेतली तर लगेच काळा चिखल वर आला. तिनं काठी मडगार्डवर आपटली, "म्हनलं हुतं ना." माझ्या क्लीनरची असं बोलायची हिंमत झाली नसती. पण खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. ऊन पडलं होतं, दोन्ही बांधांना पांढरे ढीग लागत होते, मागून डिझेलच्या धुराचा वास आणि पुढं आईचं "येऊ दे." कांद्याचं नुकसान झालंय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. ते उद्या बघू म्हटलं.

लवणाशी येऊन काम अडलं. ढीग तर सात-आठ फेऱ्यांत बाजूला गेला, पण खाली गारांचं पाणी आणि चिखल मिसळून नुसता काला झालेला. ट्रॅक्टर जाईल, गाडी जाणार नाही. मी भुसकट टाकून पाहिलं, ते वर तरंगायला लागलं. पाच वाजायला आले होते आणि डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला माझा जीव वरखाली होत होता.

"कडबा आन," आई म्हणाली.

"कडबा?"

ज्यानं आमच्याकडचा उन्हाळा पाहिला नाही त्याला हे एवढं मोठं वाटणार नाही. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. तोच वैशाख-ज्येष्ठात गाईंचं पोट. आमची आई अंगणात पडलेलं कडब्याचं एक ताटसुद्धा उचलून गव्हाणीत टाकते. मी लहानपणी कडब्याच्या पेंढीवर उभा राहिलो म्हणून मार खाल्लाय. तीच आई मला पेंढ्या चिखलात टाकायला सांगत होती.

"गंजीचा वरला भिजल्याला न्हाई, आतला आन. कोरडा," ती म्हणाली. "भिजल्याला घसरंल."

मी ट्रॉली न जोडता फळीवरच पेंढ्या बांधून दोन खेपा केल्या. चाकं जातील त्या दोन ओळींत पेंढ्या आडव्या टाकल्या, एकीला एक लावून. आई पुढं होऊन पायानं दाबत गेली. शेवटची पेंढी टाकून कंबर सरळ केली तेव्हा डांबरी रस्त्यावर पांढरी गाडी वळत होती.

जावई गाडी चांगली चालवतात, पण डांबरावर. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लागलेले पांढरे ढीग बघून ते गाडी अशी आणत होते की वाटलं उतरून ढकलावी. लवणाच्या तोंडाशी येऊन थांबले. काच खाली करून म्हणाले, "हे काय झालंय? आम्हाला शेवगावपर्यंत पावसाचा थेंब लागला नाही."

"एवढ्याच पट्ट्यात गारा पडल्या. तुमी या सरळ. कडब्यावरून चाकं घ्या, रेसवरचा पाय काढू नका."

मागं लेक बसली होती, कानाला स्कार्फ, अंगावर शाल. तिच्या शेजारी बायको, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. लेक त्या ढिगांकडं, कडब्याकडं आणि माझ्याकडं बघत होती. बायकोनं एक नजर लवणावर टाकली, बाळ लेकीच्या हातात दिलं आणि दाराचा खटका ओढला.

"मी उतरते," ती म्हणाली. "गाडी हलकी व्हईल. चालत येते मी आत्यांसंगं."

मी पुढं होऊन दार बाहेरून दाबून धरलं.

"बसून राहा," मी म्हणालो. "तूबी उतरायचं न्हाई."

"आवो, गाडी रुतंल."

"न्हाई रुतत. आन रुतली तर मी वढीन. तू पाय खाली टाकायचा न्हाई."

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. सव्वीस वर्षांचं होतं. पण जावई समोर, आई शेजारी, आणि मला तसलं बोलायची सवय नाही. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं बाळ परत मांडीवर घेतलं आणि पाय आत ओढले. मी दार लावलं.

गाडी कडब्यावरून गेली. मधोमध एकदा मागचं चाक गुरगुरलं, मग पेंढ्यांनी धरलं आणि गाडी वर आली. ओट्याला लागेपर्यंत ती कुठंच थांबली नाही. मी आणि आई मागून चालत आलो. आईनं माझा दंड धरला होता, घसरू नये म्हणून. ती घसरत होती का मी, ते सांगता येणार नाही.

आईनं भाकरीचा तुकडा लेकीवरून आणि बाळावरून ओवाळला. दोनदा तिच्या हातून तुकडा सुटला, बोटं वळत नव्हती. लेकीच्या पायावर कोमट पाणी घातलं, तेही ओट्यावर बसवून, पायाखाली पोतं टाकून. मग लेक उंबरा ओलांडून शेगडीच्या खोलीत गेली. ओव्याचा वास घरभर होता, जराही करपलेला नव्हता.

माझा जीव भांड्यात पडला आणि मी हात पुढं केले.

"द्या इकडं बाळ," मी म्हणालो.

बायकोनं बाळ छातीशी धरलं आणि एक पाऊल मागं गेली. "हात बघा जरा तुमचं."

मी पाहिले. ग्रीस, चिखल, आणि बोटं निळसर झालेली. धुतले, पुसले, पुन्हा पुढं केले. तिनं बोटाच्या टोकानं हात लावून पाहिला आणि दचकून काढून घेतला.

"गाराच हायत नुसत्या. लेकराला लागलं तर? चुलीपुढं बसा आदी." मग ती आईकडं वळली. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूला कधी काही करायला सांगितल्याचं मला आठवत नाही. "आत्या, तुमीबी."

मला वाटलं आई काहीतरी सुनावेल. पहिली पणती, मांडीवर घ्यायचा पहिला मान तिचा. पण तिनं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले आणि मुकाट्यानं चुलीपुढं जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो. दुपारभर जो गारठा आम्ही वाटेवरून ढकलत होतो तो शेवटी आमच्या दोघांच्या हातांत घरात आला होता, आणि त्याला बाहेर काढायला फळी नव्हती. आतून बाळ रडलं, जावई हसले, लेक काहीतरी म्हणाली. आम्ही दोघं हात पसरून जाळासमोर बसलो होतो. आईची बोटं सुजून लाल झाली होती. मी तिचे हात माझ्या हातांत घेऊन चोळायला लागलो, पण गार हातांनी गार हात कसे तापणार. ती म्हणाली, "तुझं तू शेक."

थोड्या वेळानं बायको बाहेर आली. आधी तिनं आईचे हात धरून पाहिले. "आता चालतंय," म्हणाली आणि आईला हात देऊन उठवलं. आई आत गेली. जाताना तिनं पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

मग बायको माझ्यासमोर उकिडवी बसली. माझा उजवा तळहात घेऊन तिनं तो स्वतःच्या गालाला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी, दार उघडं असताना, तिनं असं कधी केलं नव्हतं.

"आजून गार हाय," ती म्हणाली. पण हात तिनं लगेच सोडला नाही.